फेरिस्त : हरवलेल्या किताबांची हजेरी

उर्दूच्या पुस्तकात पहिल्या पानावर ‘फेहरिस्त’ असते, मराठीच्या पुस्तकात ‘अनुक्रमणिका’. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे मुले विचारतात की सर, दोन्ही एकच का? एकच. गंमत म्हणजे जुन्या मराठीतही यादी या अर्थाने ‘फेरिस्त’ हा शब्द होता. फारसीतून आला, दप्तर आणि कागद यांच्याबरोबर नांदला, आणि मग मागे पडला. हाच शब्द अरबीत ‘फिहरिस्त’ झाला, आणि त्या नावाचे एक पुस्तक हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये लिहिले गेले. आजच्या ग्रंथालयातील नोंदींचा इतिहास सांगायचा तर त्या पुस्तकाला वगळून सांगता येणार नाही.

लेखकाचे नाव अबुल फरज मुहम्मद बिन इसहाक, प्रसिद्ध नाव इब्न नदीम. धंद्याने तो वर्राक. वरक म्हणजे कागदाचे पान. मिठाईवर लावतो तो आपला ‘वरख’ही तोच. वर्राक म्हणजे पुस्तके नकलून देणारा, बांधणारा, विकणारा. बगदादेत वर्राकांचा मोठा बाजार होता. याकूबी नावाच्या ९व्या शतकातल्या भूगोलकाराने तिथे शंभराहून अधिक दुकाने असल्याचे लिहिले आहे. इब्न नदीमचा बापही याच धंद्यात. दुकानावर विद्वान यायचे, बसायचे, वाद घालायचे. तो ऐकायचा आणि टिपून ठेवायचा.

हिजरी ३७७, म्हणजे इ.स. ९८७ मध्ये त्याने ही टिपणे पुस्तकात आणली. अरबी भाषेत जे जे लिहिले गेले किंवा अनुवादित झाले, मग ते अरबांचे असो की परक्यांचे, त्याची नोंद करायची हे त्याचे काम. दहा भाग पाडले. पहिल्यात निरनिराळ्या लिप्या, यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि कुरआन. पुढे व्याकरण, इतिहास, काव्य, कलाम, फिकह आणि हदीस. सातव्यात तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक. आठव्यात किस्सेकहाण्या आणि जादूटोणा, नवव्यात इतर पंथ, दहाव्यात किमया. जादूटोण्याची पुस्तकेही त्याने सोडली नाहीत, हे मला विशेष वाटते. एखादे पुस्तक आवडत नाही म्हणून त्याची नोंद करायची नाही, असा त्याचा स्वभाव नव्हता. अरबी कथांच्या मुळाशी असलेल्या ‘हजार अफसाना’ या फारसी पुस्तकाबद्दल त्याचे मत फार वाईट होते. रटाळ आणि नीरस, असे त्याने लिहूनही ठेवले. पण नोंद केली! आज ‘अलिफ लैला’चा अभ्यासक त्या नोंदीपाशी आल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

मानीच्या पंथाचे उदाहरण तर आणखी मोठे. ज्या पंथाला जवळपास सगळ्यांनीच धर्मबाह्य ठरवले, त्याची शिकवण आणि त्याच्या ग्रंथांची नावे इब्न नदीमने तपशीलवार दिली. जर्मन विद्वान फ्ल्यूगेल याने १८६२ मध्ये मानीवर पुस्तक लिहिले ते याच मजकुराच्या आधारावर. आणि आपला हिंदुस्थान? चरक आणि सुश्रुत दोघेही या यादीत आहेत. बर्मकी वजीर यह्याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत समजावून दिला, ही नोंदही तिथलीच.

धंदेवाईक माणसाची नजर कशी असते पाहा. कवींच्या दीवानांची नोंद करताना तो प्रत्येकाची पाने सांगतो. पण पान म्हणजे केवढे? कुणाचे लहान, कुणाचे मोठे. म्हणून तो आधीच खुलासा करतो की माझे पान सुलेमानी, एका बाजूला वीस ओळी. म्हणजे एखाद्या कवीचा अर्धाच दीवान हाती आला तर घेणाऱ्याला लगेच कळावे. आजच्या ग्रंथालयात पृष्ठसंख्या आणि आकार नोंदवतात त्यामागे दुसरे काय आहे?

पुस्तकातला एक किस्सा मात्र मला झोप लागू देत नाही. हदीसा गावी मुहम्मद बिन हुसैन नावाचा एक संग्राहक होता. हमदानी सत्ताधाऱ्यांच्या भीतीने तो आपला संग्रह कुणाला दाखवत नसे. इब्न नदीमने ओळख वाढवली, विश्वास मिळवला, तेव्हा कुठे त्याने पेटारा उघडला. आत कातडे, मिस्री पापिरस, चिनी कागद, खुरासानी कागद. जुन्या विद्वानांच्या हातची अक्षरे. हजरत अलींच्या सहवासातल्या खालिद बिन अबिल हय्याज याच्या हातचे कुरआनही. मग तो माणूस वारला. पेटाऱ्याचे पुढे काय झाले ते इब्न नदीमला खूप शोधूनही कळले नाही. कुरआनच्या त्या प्रतीखेरीज कशाचाच पत्ता लागला नाही. त्या पेटाऱ्यात काय होते हे आपल्याला कळते ते केवळ त्याने टिपून ठेवले म्हणून.

वाचकहो, हे बगदादचेच आहे असे समजू नका. आपल्या कसब्यांत एखादे मौलवीसाहेब किंवा जुने मास्तर जातात आणि कपाटभर किताबे महिन्याभरात रद्दीत जातात. मुले वाईट नसतात, त्यांना ती लिपी येत नसते. एका वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत मी स्वतः पाहिले : मराठी पुस्तकांपुढे नाव, लेखक, किंमत सगळे आहे, आणि पुढे एका ओळीत ‘उर्दू पुस्तके, नग ४०’. नग! जणू खुर्च्याच. त्यातले एक पुस्तक उद्या गेले तर कोणते गेले हे कोण सांगणार? लिहिणारा उर्दू जाणत नसेल, मान्य. पण उर्दू जाणणारे आम्ही दहाजण तिथे रोज पेपर वाचायला जात होतो, आणि कुणी एक दुपार दिली नव्हती. मग आम्ही तिघांनी चार रविवार बसून ती यादी केली, नाव आणि लेखक देवनागरीतही आणि उर्दूतही. चाळीसपैकी छत्तीस सापडली. उरलेली चार कोणती, ते त्या नोंदवहीवरून कधीच कळणार नाही.

१२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटले. त्याआधी आणि नंतरही आगी, पूर, वाळवी, दुर्लक्ष होतेच. इब्न नदीमने नोंदवलेल्यांपैकी बहुतेक ग्रंथ आज नाहीत. एकट्या अल किंदीच्या नावावर त्याने दोनशेहून अधिक किताबे दिली आहेत, त्यातली थोडकीच उरली. बाकीच्यांची नावे तेवढी शिल्लक आहेत, तीही या वर्राकामुळे. त्याच्या स्वतःच्या पुस्तकाचीही गत पाहा : एका अत्यंत महत्त्वाच्या हस्तलिखिताचे दोन तुकडे झाले, पहिला अर्धा भाग डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे आणि दुसरा इस्तंबूलला. जिथे माहिती मिळाली नाही, एखाद्याचे मृत्यूवर्ष कळले नाही, तिथे त्याने जागा कोरी सोडली होती. पुढे कुणी तरी भरील म्हणून. त्यातल्या काही जागा अजून कोऱ्याच आहेत.