सूर्यकुलाच्या वेशीबाहेर

श्रोतेहो, मनुष्य अवकाशांत कोठवर जाईल, हा प्रश्न आतां घरोघरीं निघतो. कोणी मंगळावर वसाहती होणार असें म्हणतो. कोणी हें सारें मनोराज्य समजतो. परंतु भविष्याचा विचार करण्यापूर्वीं जें घडून गेलें तें नीट पाहणें हिताचें असतें. म्हणून आज मी आपणांस व्हॉयेजर नांवाच्या दोन यानांचा वृत्तान्त सांगणार आहें.

गुरु, शनि, युरेनस आणि नेपच्यून हे चार थोर ग्रह सुमारें १७६ वर्षांतून एकदां अशा स्थितींत येतात कीं, एकाच यानास त्या चौघांचीही भेट घेतां यावी. ही गोष्ट गॅरी फ्लँड्रो या तरुण अमेरिकन अभ्यासकानें १९६५ सालीं गणितानें दाखवून दिली. ग्रहाच्या जवळून जातांना यान त्याच्या आकर्षणामुळें वळतें आणि त्याच्या गतीचा किंचित् अंश घेऊन पुढें झेपावतें. त्यामुळें फारसें इंधन न जाळतां, एरवीं सुमारें तीस वर्षें लागणारा नेपच्यूनचा प्रवास बारा वर्षांत होतो. असा योग पूर्वीं आला, तेव्हां पुण्याच्या गादीवर दुसरे बाजीराव होते. पुढचा योग बाविसाव्या शतकाच्या मध्यास येईल.

एवढी दुर्मिळ संधि असूनही पैशाची अडचण आलीच. चारही ग्रह पाहण्याची मूळची मोठी योजना खर्चापायीं सोडून द्यावी लागली आणि केवळ गुरु व शनि यांच्यासाठीं दोन यानांना मंजुरी मिळाली. तथापि तीं बांधणाऱ्यांनीं दूरचा पल्ला मनांतून काढला नव्हता. २० ऑगस्ट १९७७ रोजीं व्हॉयेजर-दोन निघालें, तर ५ सप्टेंबर रोजीं व्हॉयेजर-एक. मागून निघालेल्याची वाट जवळची असल्यामुळें तेंच आधीं गुरूपाशीं पोंचलें. मार्च १९७९ मध्यें त्यानें पाठविलेल्या एका चित्रांत, गुरूच्या आयो नांवाच्या चंद्रावर ज्वालामुखीचा फवारा उसळतांना दिसला. पृथ्वीवेगळ्या गोलावर जागृत ज्वालामुखी दिसल्याचा हा पहिलाच प्रसंग.

यानंतर खरी निवड करावयाची होती. शनीजवळून योग्य रीतीनें वळविल्यास व्हॉयेजर-एक प्लूटोकडे जाऊं शकलें असतें; परंतु शनीचा टायटन नांवाचा चंद्र जवळून पाहावयाचा, तर ग्रहांचें प्रतल सोडून यानास कायमचें वर निघून जावें लागणार होतें. दोन्ही साधणें अशक्य होतें. शास्त्रज्ञांनीं टायटन निवडला. तो इतका महत्त्वाचा मानला गेला कीं, पहिलें यान तेथें अपेशी झालें असतें तर दुसऱ्यालाही तिकडेच वळविण्यांत येणार होतें, आणि मग युरेनस व नेपच्यून दोन्ही अंतरले असते.

१२ नोव्हेंबर १९८० रोजीं यान टायटनपाशीं पोंचलें. कॅमेऱ्यांना दिसलें काय? नारिंगी धुक्याचा एक गोळा. खालच्या भूमीचा मागमूसही नाहीं! मग निवड चुकली का? मला तसें वाटत नाहीं. इतर उपकरणांनीं तेथील दाट वातावरणांत मुख्यत्वें नायट्रोजन असल्याचें निश्चित केलें. त्या ज्ञानाच्या आधारें पुढें हॉयगेन्स हें यान बनलें आणि जानेवारी २००५ मध्यें टायटनवर उतरलें. प्लूटोला मात्र २०१५ पर्यंत वाट पाहावी लागली. इकडे मोकळीक मिळालेलें व्हॉयेजर-दोन १९८६ सालीं युरेनसला आणि १९८९ सालीं नेपच्यूनला भेटलें. त्या दोघांजवळ आजवर दुसरें कोणतेंही यान गेलेलें नाहीं.

या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तींत पंचावन्न भाषांतील अभिवादनें आहेत. त्यांत आपली मराठीही आहे. शिवाय गोव्यांतील केरी गांवच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-एक निघाल्यानंतर अकराव्याच दिवशीं केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र २०१२ सालीं सौरवाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधील प्रदेशांत गेला. २०२५ सालीं तें यान सुमारें अडीच हजार कोटि किलोमीटरांवर होतें. तेथून संदेश येण्यास तेवीस तासांहून अधिक वेळ लागे.

मनुष्य स्वतः अद्याप चंद्राच्या परिसरापलीकडे गेलेला नाहीं. ताऱ्यांकडे जाण्याची भाषा करतांना हें अंतर विसरूं नये. व्हॉयेजर-एकलाही दुसऱ्या एका ताऱ्याच्या आसपास जावयास सुमारें चाळीस हजार वर्षें लागतील, आणि त्याची विद्युत्-शक्ति तर वर्षानुवर्षें क्षीण होत चालली आहे. तरीही २०२३ च्या अखेरीस त्याच्या स्मृतियंत्रांतील एक भाग बिघडला व संदेश निरर्थक येऊं लागले, तेव्हां तज्ज्ञांनीं त्यास सोडून दिलें नाहीं. येथून आज्ञा पाठवून, उत्तरासाठीं जवळजवळ दोन दिवस थांबून, त्यांनीं पांच महिन्यांत तें पुन्हां बोलतें केलें.

एडवर्ड स्टोन यांनीं १९७२ पासून पन्नास वर्षें या कार्याचें शास्त्रीय नेतृत्व केलें आणि २०२२ सालीं तें दुसऱ्यांच्या हातीं दिलें. आजोबांनीं लावलेल्या आंब्याचीं फळें नातवंडें खातात, हें आपणांस नवें नाहीं. अवकाशांतील मानवाचें भवितव्य अग्निबाणाच्या बळावर जितकें अवलंबून आहे, तितकेंच तें या वृत्तीवरही आहे. ज्याचें फळ आपल्या डोळ्यांस दिसणार नाहीं तें काम आरंभण्याची, आणि दुसऱ्यानें आरंभिलेलें निष्ठेनें पुढें चालविण्याची तयारी ज्या पिढ्यांत राहील, त्याच पिढ्या सूर्यकुलाची वेस ओलांडतील.