मत्स्यपेटीतील हिरवे पाणी

घरातल्या माशांच्या काचपेटीत पाण्यात तरंगणारी एकपेशीय शैवले बेसुमार वाढली की पाणी हिरवे आणि गढूळ होते. क्लोरेला, सीनडेस्मस ही त्यांतली नेहमीची. काचेला धरलेले शेवाळ खरवडता येते; या पेशी मात्र काही मायक्रोमीटरच्याच असल्याने स्पंजच्या फिल्टरमधूनही पार होतात. ओळखायला काचेच्या पेल्यात पाणी घेऊन मागे पांढरा कागद धरावा. हिरवी झाक दिसली तर शैवल. दुधाळपणा असेल, तर बहुधा नव्या पेटीत वाढलेले जिवाणू. रात्रभरात तळाशी गाळ बसला, तर ती माती.

पाणी हिरवे झाले की ते उपसून बोअरचे ताजे पाणी भरतात. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या गावात नेमका हाच उपाय अंगलट येऊ शकतो. शैवलाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात, उजेड आणि खत. शेतातले खत आणि सांडपाणी मुरून भूजलात नायट्रेट उतरते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेट जास्त आढळलेल्या जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. समजा पेटीत ते ६० आहे आणि बोअरमध्ये ५०, तर अर्धे पाणी बदलूनही ५५ उरणारच. शिवाय अर्धी शैवले काढली, तरी चांगल्या उजेडात उरलेली एक-दोन दिवसांत दुप्पट होतात. प्रत्येक बोअर असाच असेल असे नाही, म्हणून पाणी एकदा तपासून घ्यावे. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने शैवल तात्पुरते खाली बसते, नायट्रेट तसेच राहते.

म्हणून आधी उजेड तोडावा. पेटी खिडकीपासून हलवावी, दिवा सहा-सात तासांवर आणावा. तेवढ्याने भागले नाही, तर पेटी जाड चादरीने तीन-चार दिवस पूर्ण झाकावी. निरोगी मोठे मासे तेवढे दिवस उपाशी राहू शकतात. यावर आक्षेप येतो, की अंधारात मासे गुदमरतील. आक्षेप रास्त आहे. अंधारात शैवल प्राणवायू सोडत नाही, वापरते. शिवाय वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू तीस अंशांना साडेसातवर येतो. त्यामुळे हवेचा पंप अखंड चालू हवा, वीज जात असेल तर बॅटरीवरचा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा उपाय टाळलेलाच बरा. चादर काढल्यावर मेलेल्या शैवलातून खत पुन्हा पाण्यात सुटते, तेव्हा चतुर्थांश पाणी लगेच बदलावे. त्यासाठी बोअरच्या पाण्यात जारचे आरओ पाणी मिसळावे. आरओने नायट्रेट बरेच कमी होते, पण निव्वळ त्या पाण्यात माशांना लागणारे क्षार उरत नाहीत. नळाचे पाणी असेल, तर त्यातले क्लोरीन आधी घालवावे.

हिरवे पाणी माशांना विषारी नसते, मग एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्नही योग्यच आहे. काही मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांसाठी ते मुद्दाम तयार करतात. पण तिथे मोठी टाकी आणि भरपूर हवा असते. घरच्या छोट्या पेटीत पहाटे प्राणवायू घटून मासे पृष्ठभागाशी तोंड वासतात. अतिनील दिव्याच्या फिल्टरने पाणी नितळ होते, खत मात्र कायम राहते. ते वापरून टाकायला वॅलिसनेरिया, हायड्रिला यांसारख्या वनस्पती लावाव्यात आणि मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेच खाद्य घालावे.