शेजाऱ्यांची मेणबत्ती

ज्युबिलीच्या तयारीसाठीं आपल्या धर्मग्रामांत ज्या बैठकी झाल्या, त्यांपैकीं एकींत एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनीं असा विषय काढिला कीं, पवित्र मातेच्या मूर्तीपुढें मेणबत्त्या लावावयास जे अख्रिस्ती लोक येतात, त्यांची सोय यापुढें देवळाबाहेर करावी. आणि 'नवस', 'गाऱ्हाणें' असले शब्द आपल्या पत्रकांतून काढून टाकावे. त्यांचा हेतु वाईट नव्हता. उपासनेंत गोंधळ माजूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. वेळ फार झाल्यामुळें विषय तहकूब राहिला. प्रस्तुत लेखकास त्या सायंकाळीं नीट उत्तर सुचलें नाहीं. तें इतिहासाच्या आधारें येथें देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. आमच्या वसईकडील जुनीं माणसें ख्रिस्तमंदिरास 'देऊळ'च म्हणत आलीं. पाद्री, मिस्सा, क्रूस हे शब्द गलबतांतून आले. परंतु पाप, पुण्य, कृपा, भक्ति, उपास, स्वर्ग हे शब्द ख्रिस्ताचें नांव या किनाऱ्यास लागण्यापूर्वींच येथें नांदत होते. पवित्र मातेस आपण ज्या 'नमो' या शब्दानें वंदन करितों, तोहि शेजाऱ्यांच्याच घरचा. अख्रिस्ती शब्द वर्ज्य करूं म्हटलें, तर आपली सकाळची प्रार्थना पुरी होणार नाहीं.

हे शब्द आपल्या प्रार्थनेंत आले कसे, त्याची हकीकत मात्र निव्वळ गोड नाहीं. गोव्यांतील साष्टी प्रांतांत १५६७ सालीं पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं शेंकडों देवळें पाडलीं. पुढें १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें लोकांनीं पांच जेझुइट धर्मगुरूंस व त्यांच्या सोबत्यांस ठार मारिलें. त्याचा सूडहि सरकारनें भयंकर घेतला. ज्युबिलीच्या अंकांत अशा गोष्टी लिहूं नयेत असें कोणी म्हणेल. परंतु त्या वगळल्या, तर त्याच साष्टींत राहणाऱ्या एका इंग्रज जेझुइटानें जें काम केलें, त्याचा अर्थच लागत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास उतरले आणि १६१९ मध्यें तेथेंच निवर्तले. त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापून झालें. ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. रविवारीं मुलांस धर्मशिक्षण दिलें जात असतां एक ब्राह्मण पाद्रींस विनवितो, कीं आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं मना केलीं. मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं?

या विनंतींत विनय आहे. पण बारीक कान दिल्यास तक्रारहि आहे. ज्यांच्या ओठांवर आजन्म ओवी खेळली, त्यांच्याकडून ती काढून घेऊन हातीं नुसती प्रश्नोत्तरांची पोथी दिली होती. स्टीफन्स साहेबांनीं तक्रार ऐकली. कोंकणी मिसळलेल्या मराठींत, ज्ञानदेव-नामदेवांच्या परंपरेंतल्या ओवींत, त्यांनीं जवळजवळ अकरा हजार ओव्या रचिल्या; आणि ख्रिस्ती स्वर्गास 'वैकुंठ' म्हणण्यास त्यांची लेखणी अडखळली नाहीं. छपाई मात्र रोमन लिपींत झाली. पहिल्या आवृत्तीची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितांवरून ग्रंथ पुनः छापिला, तेव्हां तो महाराष्ट्रास नव्यानें दिसला. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांतील ओव्या आज वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासांत उद्धृत होतात, आणि त्या गौरवानें वाचणारे बहुतेक अख्रिस्तीच असतात.

ज्या रीतीनें हें पुराण जन्मास आलें, ती पुढें राज्यकर्त्यांस मानवली नाहीं. १६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडावी असा हुकूम काढिला. १४ एप्रिल १७३६ रोजीं इन्क्विझिशननें जाहीरनामा काढून ख्रिस्ती लग्नांत ओव्या गाणें, दारीं तुळस लावणें, मिठाविना भात शिजविणें, इतकेंच नव्हे तर धोतर व चोळी नेसणेंहि मना केलें. हे हुकूम कोणावर गेले, हें सुज्ञ वाचकांनीं लक्ष्यांत घ्यावें. अख्रिस्त्यांपासून ख्रिस्ती वेगळे काढावयाचे होते; परंतु हिरावलें गेलें तें बाप्तिस्मा घेतलेल्या आजीच्या तोंडचें गाणें. तरी तें पुरतें मेलें नाहीं. आमच्या उत्तर कोंकणांतील जुन्या ख्रिस्ती घरांतून लग्नाच्या आदल्या दिवशीं हळद लागते, 'उंबराचें पाणी' वाजतगाजत आणितात, आणि बाया गातात. इन्क्विझिशन १८१२ सालीं कायमचें बंद झालें. हळद अजून लागते.

जाहीरनाम्यानंतर तिसऱ्याच वर्षीं, म्हणजे मे १७३९ मध्यें, वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या हातीं आला. किल्ला सर झाल्यास देऊळ बांधीन असा नवस त्यांनीं वज्रेश्वरीस केला होता व तो फेडला, अशी परंपरा आहे. तटाच्या आंतहि त्या दिवसांत प्रार्थना चालू असतील, यांत शंका नको. कोणाची ऐकली गेली, हा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. युरोपीय पाद्री निघून गेले, देशी धर्मगुरु राहिले. आणि ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठे सरदारांनीं विजयचिन्ह म्हणून देशावर नेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत एक आहे, भीमाशंकरास एक आहे, वाईजवळ मेणवलीस एक आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हा सन आणि बाळ येशूसह मरियेची आकृति आहे. लूट ती लूटच. तिला भक्ति म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु जी घंटा 'नमो मारिये'साठीं ओतली, तिच्यावरील मातेची आकृति कोणी घासून काढिली नाहीं. आणि पिढ्यानुपिढ्या कृष्णाकांठचे लोक तिचा टोल ऐकून हात जोडीत आले.

आतां ज्या मेणबत्तीवरून हा प्रश्न निघाला, तिच्याकडे वळूं. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर भरते, हें सांगावयास नको. चढावर मेणाचे हात, पाय, डोळे, बाहुल्या, घरें मांडलेलीं असतात. ज्याचा जो अवयव दुखतो, त्यानें तो माउलीस वाहावा. घेणारांत हिंदु, पारशी, मुसलमान सर्व असतात. खुद्द मूर्तीचा इतिहासच असा कीं, तो एकट्या कॅथोलिकांनीं लिहिला असें म्हणतां येत नाहीं. १७०० सालीं अरबांनीं समुद्रांतून येऊन कपेल लुटलें आणि मूर्तीच्या हातांत सोन्याची वस्तु आहे अशा समजुतीनें तिचा उजवा हात तोडिला. मूळ मूर्ति डागडुजी होऊन परत येईपर्यंत जी दुसरी मूर्ति तेथें पूजिली गेली, ती कोळ्यांस समुद्रांत सांपडली असें सांगतात. हल्लींचें मंदिर १९०४ सालचें. त्याचा आराखडा शापुरजी चांदाभाई या पारशी गृहस्थांनीं केलेला आहे. तिकडे गोव्यांत म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीस हिंदु लोक शिरगांवच्या लईराईची बहीण मानितात व तिच्या फेस्तास तेल घेऊन येतात. हें नातें कोणत्याहि धर्मशास्त्रांत बसत नाहीं. पण आजवर त्यामुळें एकाहि कॅथोलिकाची श्रद्धा डळमळल्याचें निदान या लेखकाच्या ऐकण्यांत नाहीं.

रोमचें मत काय, असें आमचे सद्गृहस्थ विचारतील. तो त्यांचा अधिकारच आहे. ३ डिसेंबर १९६४ रोजीं मुंबईस, युखरिस्तिक काँग्रेसच्या प्रसंगीं, पोप सहावे पॉल यांनीं इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढें भाषण करितांना बृहदारण्यक उपनिषदांतील प्रार्थना आपल्या मुखानें म्हटली. पुढील वर्षीं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, अन्य धर्मांत जें सत्य व पवित्र आहे, त्यांपैकीं कशाचाहि ख्रिस्तसभा धिक्कार करीत नाहीं. २७ ऑक्टोबर १९८६ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं असिसी येथें नाना धर्मांचे लोक बोलाविले, तेव्हां एक भेद काळजीपूर्वक राखला गेला. सर्वांनीं मिळून एकच प्रार्थना म्हणावयाची नव्हती; प्रार्थनेसाठीं सर्वांनीं एकत्र यावयाचें होतें.

हा भेद आपल्या वडीलधाऱ्यांच्या शंकेस पुरेसा आहे असें वाटतें. पवित्र कम्युनियन बाप्तिस्मा न घेतलेल्यास देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. परंतु मेणबत्ती हा सांक्रामेंत नव्हे. शेजारीण आपल्या तापलेल्या पोरासाठीं ती लाविते, तेव्हां ती आपला धर्म सोडीत नाहीं आणि आपलाहि बाटवीत नाहीं. 'तुमच्या मावलीला जरा सांगा हो,' असें ती म्हणते, त्या वेळीं तिला प्रवचन देणें जितकें अनुचित, तितकेंच 'बरें' म्हणून विसरून जाणेंहि.

आणि ज्याची कोणत्याच देवावर श्रद्धा नाहीं, त्याचें काय? माझे एक स्नेही शाळेंत मास्तर होते. जन्मानें हिंदु, मतानें पक्के नास्तिक. त्यांच्या पत्नीच्या अखेरच्या दुखण्यांत, 'आम्ही प्रार्थना करीत आहों,' असें मी संवयीनें बोलून गेलों आणि लगेच ओशाळलों. मास्तर म्हणाले, "करा. ऐकणारा कोणी आहे असें मला वाटत नाहीं. पण तुम्हीं तिची आठवण रोज काढतां, हें तिला कळूं द्या." मीं तिला तसें जाऊन सांगितलें. पुढें माझी आई वारली, तेव्हां मिस्सेच्या वेळीं ते शेवटच्या बांकापाशीं आले. बसा म्हटलें, तर म्हणाले, "तुम्ही म्हणा, मी उभा राहतों." पाऊण तास ते उभे होते.

तहकूब राहिलेला विषय सणानंतरच्या रविवारीं, दुसरी मिस्सा आटोपल्यावर, पुनः निघणार आहे. या लेखाची एक प्रत त्या सद्गृहस्थांस आगाऊ पोंचविली आहे. मेणबत्त्या लावण्याची जागा तोंपर्यंत होती तेथेंच, मूर्तीच्या उजव्या हातास आहे.