ताणाची आठवण : नागपूरच्या उन्हात आकसणारे व्हिनाइल

नागपुरात रॅप केलेल्या एखाद्या मोटारीचे बॉनेट दोन उन्हाळे उलटल्यावर जवळून पाहावे. कडेला एक बारीक काळी रेषा दिसते, जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीची. मालक ती घाण समजून पुसू पाहतो. ती पुसली जात नाही. ती रेषा म्हणजे उघडा पडलेला गोंद आणि त्यावर बसलेली धूळ. लावले त्या दिवशी व्हिनाइल तिथपर्यंत पोहोचलेले होते, आता ते मागे सरले आहे. या मागे सरण्याचा दोष बहुतेक वेळा कारागिराच्या माथी बसतो. पैसे अडतात, काम फुकटात पुन्हा करून घेतले जाते. दोष खरोखर कोणाचा, हे ठरवायचे तर गोष्ट १८७२ पर्यंत मागे न्यावी लागते. #थ्रेड

आधी कारागिराची ओळख. महाराष्ट्रात गाडीवर चिकटपट्टीची अक्षरे आणि चित्रे लावून देणाऱ्या दुकानाला लोक आजही ‘रेडियमवाला’ म्हणतात. नागपूर तर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या चौफुलीवर वसलेले शहर. आजचे ४४ आणि ५३ क्रमांकाचे, म्हणजे जुने ७ आणि ६ क्रमांकाचे, राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. वाडीच्या बाजूला ट्रकांची वर्दळ कायमची. अशा शहरात रेडियमच्या दुकानाला काम कमी पडत नसे.

या ‘रेडियम’मध्ये रेडियमचा कणही नसतो. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेले हे मूलद्रव्य विसाव्या शतकाच्या आरंभी घड्याळांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी वापरले गेले. तो रंग ब्रशने भरणाऱ्या अमेरिकन तरुण मुली ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करीत. त्यांची हाडे किडली आणि त्यांचा लढा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. (संत्रानगरीच्या वाचकांसाठी योगायोग : तो कारखाना न्यू जर्सीतील ‘ऑरेंज’ नावाच्या गावात होता.) पुढे रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी सूक्ष्म काचमण्यांचे परावर्तक पत्रे आले. थ्री एम कंपनीच्या अशा पत्र्याची पहिली पाटी १९३९ ची. हा पत्रा स्वतः चमकत नाही, समोरच्या दिव्याचा प्रकाश परत पाठवतो. लोकभाषेने मात्र अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीला रेडियम म्हटले, आणि पुढे न चमकणाऱ्या साध्या व्हिनाइललाही तेच नाव चिकटले.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि या दुकानांचे एक हुकमी काम गेले. त्यामुळे अख्खी गाडी मढवण्याचे काम, म्हणजे रॅप, आता अधिक मोलाचे ठरते. एका गाडीचे रॅप बिघडले की लहान दुकानाची महिन्याची कमाई त्यात जाऊ शकते.

आता व्हिनाइलकडे. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याने बंद काचनळ्यांत व्हिनाइल क्लोराइड वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. आत पांढरा घन पदार्थ जमला. ते पीव्हीसी होते. आज ज्या उन्हापुढे हा पदार्थ हार मानतो, त्याच उन्हात तो जन्मला.

या पांढऱ्या पदार्थाचे करायचे काय, हे पुढची पन्नास वर्षे कुणाला नीटसे उमगले नाही. तो कडक, ठिसूळ आणि तापवताच विघटन पावणारा होता. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमन हा तरुण रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारा गोंद शोधत होता. त्याने पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवले. गोंद मिळाला नाही. मिळाला जेलीसारखा लवचीक पदार्थ. धातूला चिकटेल असे काही शोधताना हाती आलेला हा पदार्थ स्वतः धातूला चिकटत नाही. म्हणूनच आजच्या प्रत्येक स्टिकरच्या पाठीला वेगळा गोंद लावावा लागतो.

सेमनच्या शोधाचे मर्म त्या द्रावकात होते. ते पीव्हीसीच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरून बसते आणि त्यांना एकमेकींवरून घसरू देते. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मात्र ते साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. घरात राहणाऱ्या भाडेकरूसारखे ते असते आणि कधीतरी घर सोडते. उष्णतेत लवकर सोडते. बाहेर पडलेल्या द्रव्याची जागा रिकामी होते, पापुद्रा कडक होतो आणि आकाराने लहान होतो.

ही अडचण रॅपपेक्षा खूप जुनी आहे. १९४० च्या दशकात थ्री एममध्ये व्हिनाइलची वीजरोधक चिकटपट्टी तयार करताना प्लास्टिसायझर पापुद्र्यातून सरकून गोंदात उतरे आणि गोंद बिघडून जाई. स्नेल, ओएस आणि ईस्टवोल्ड या तिघांनी एकमेकांशी जुळणारे प्लास्टिसायझर आणि गोंद शोधून जानेवारी १९४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीतल्या काळ्या टेपचा वंश इथून सुरू होतो. आज स्वस्त पापुद्र्यात लहान रेणूंचा आणि चांगल्या पापुद्र्यात मोठ्या, साखळीदार रेणूंचा प्लास्टिसायझर असतो. मोठा रेणू जागचा सहज हलत नाही, इतकाच त्या दोहोंतला भेद. किमतीतला फरक बऱ्याच अंशी तिथला.

पण आकसण्याचे दुसरे, आणि बहुधा अधिक मोठे, कारण रसायनात नसून यंत्रात आहे. ते समजायला नागपूरकराला परदेशी जाण्याची गरज नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून कोष्टी आणि हलबा विणकरांचे माग या शहरात चालत होते. विणकराच्या भाषेत उभ्या धाग्यांना ‘ताणा’ म्हणतात, आणि त्या शब्दातच ‘ताण’ आहे. मागावर ताणा घट्ट ओढलेला असतो. कापड विणून, धुऊन, रुळांखालून काढून बाजारात येईपर्यंत तो ताण त्यात दबून राहतो. पहिल्या धुण्यात धागे सैल होतात, मूळच्या लांबीकडे परततात आणि कापड आटते, तेही आडवे कमी आणि उभे जास्त. शिंप्याकडे देण्यापूर्वी कापड पाण्यातून काढण्याचा घरोघरचा रिवाज याच अनुभवातून आला. १९३० मध्ये सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकनाने कापड कारखान्यातच आधी आटवून घेण्याच्या क्रियेचे पेटंट घेतले. भारतीय गिरण्यांच्या कापडावरचा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का त्याच्याच नावाचा.

कापडाला दाबून गुळगुळीत करणाऱ्या रुळांच्या यंत्राला कॅलेंडर म्हणतात. एडविन चॅफी याने १८३६ मध्ये रबरासाठी असे अवाढव्य यंत्र घडवले, आणि पुढे त्याच कुळातल्या यंत्रातून व्हिनाइल निघू लागले. तापलेला लगदा रुळांमध्ये चेपला जातो, पातळ होतो आणि पुढे ओढून गुंडाळला जातो. या ओढण्यात पीव्हीसीच्या साखळ्या एका दिशेने ताणून बसतात आणि थंड होताच त्या अवस्थेत गोठतात. पापुद्रा शांत दिसतो. त्याच्या पोटात ताण असतो. पुन्हा उष्णता मिळाली की साखळ्या मूळच्या गुंतलेल्या अवस्थेकडे परतू लागतात. कारागीर याला ‘मेमरी’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. कापडाप्रमाणेच कॅलेंडर केलेले व्हिनाइलही रोलच्या लांबीच्या दिशेने अधिक आटते.

दुसरी पद्धत कास्टची. यात व्हिनाइल द्रवरूपात कागदावर ओतून पसरवतात आणि भट्टीतून नेऊन द्रावक उडवून देतात. कुठे दाबणे नाही, ओढणे नाही; म्हणून पोटात ताणही जवळजवळ नाही. असा पापुद्रा साधारण ५० मायक्रॉन जाडीचा, तर कॅलेंडरचा ७५ ते १०० मायक्रॉनचा. ‘जाड तेच टिकाऊ’ हा ग्राहकाचा आग्रह त्यामुळे इथे फसतो. निवडणुकीचा प्रचाररथ पंधरा दिवस फिरवायचा असेल तर कॅलेंडरचे व्हिनाइल पुरेसे आहे आणि त्यात काही गैर नाही. मोटारीच्या वळणदार बंपरवर तेच लावून पाच वर्षांची हमी देणे मात्र फसवणूक ठरते.

वाहन आणि चिकटपट्टी यांचे नाते तसे जुनेच. रिचर्ड ड्रूची १९२५ ची मास्किंग टेप दुरंगी मोटारी रंगवताना रंगांची कड सरळ यावी म्हणूनच जन्मली. अख्खी गाडी मढवण्याला मात्र १९९० च्या दशकात वेग आला. जर्मनीत टॅक्सी फिकट हस्तिदंती रंगाचीच हवी असा दंडक होता. पुन्हा रंगवण्यापेक्षा त्या रंगाचा पापुद्रा चढवावा आणि टॅक्सी विकताना तो काढून घ्यावा, हा हिशेब मालकांना पटला. पण तिथल्या उन्हाळ्याच्या मापाने तयार झालेल्या सवयी विदर्भात जशाच्या तशा चालत नाहीत.

नागपूरचे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास असते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ वर गेले होते. ३० मे २०२४ रोजी तर शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. संवेदकात बिघाड असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. पण हे सगळे आकडे सावलीतल्या हवेचे. नवतपाच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांपलीकडे जातो, त्याला संवेदकाच्या बिघाडाची गरज नसते. शुद्ध पीव्हीसीच्या साखळ्या ८० अंशांच्या सुमारास मोकळ्या होऊ लागतात. प्लास्टिसायझर मिसळल्यावर ही सीमा पुष्कळ खाली येते. थोडक्यात, नागपूरची गाडी दर दुपारी व्हिनाइलच्या साखळ्यांना मूळ अवस्थेकडे परतण्याची मुभा देत असते.

मग दोष कोणाचा? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची सवय कामी येते : साधन पाहावे, मग निष्कर्ष काढावा. काळी रेषा पॅनेलच्या समोरासमोरच्या दोनच कडांना असेल आणि ती रोलच्या लांबीची दिशा असेल, तर संशय मालावर घ्यावा. रेषा सगळीकडे नसून केवळ खोलगट घळीत, हँडलभोवती किंवा बंपरच्या टोकाशी पापुद्रा उचललेला असेल, तर लावताना तिथे तो जास्त ओढला गेला आहे. हा दोष हाताचा. छापील रॅपच्या कडा वर वळल्या असतील तर दोन शक्यता राहतात. छपाईच्या शाईतील द्रावक पूर्ण उडण्याआधीच, म्हणजे किमान एक दिवस न थांबता, वरून लॅमिनेशन केले गेले. किंवा कास्ट पापुद्र्यावर कॅलेंडरचे लॅमिनेशन चढवले गेले आणि वरचा थर आटताना खालच्याला घेऊन वळला. सोललेल्या पापुद्र्याच्या पाठीला रंगाचे पापुद्रे आले तर गाडीचा पुन्हा मारलेला रंगच कच्चा होता. कड उचललेली पण गोंदावर मेणाचा किंवा पॉलिशचा चिकट थर असेल, तर पुसण्यात हयगय झाली.

एकदा आकसलेले व्हिनाइल हीट गनने तापवून पुन्हा कडेपर्यंत ओढण्याचा मोह सर्वांना होतो. ते त्या दिवशी पोहोचते आणि पुढच्या उन्हात परतते, कारण त्याला आणखी एक ताण दिलेला असतो. प्रायमर लावून कड दाबून ठेवणे हाही तात्पुरता उपाय. ते पॅनेल काढून नवे लावणे हाच खरा उपाय, आणि नवे लावताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गाडी आदल्या संध्याकाळपासून सावलीत निववावी. खोल जागी एकच तुकडा ओढण्याऐवजी वेगळा तुकडा बसवावा आणि कड पॅनेलच्या आत काही मिलिमीटर वळवावी. शेवटी सगळ्या वळणांवर आणि कडांवर पापुद्रा उत्पादकाने सांगितलेल्या तापमानापर्यंत तापवावा. बहुतेक कास्ट पापुद्र्यांसाठी ते ९० अंशांच्या वर असते. त्या उष्णतेत लावताना आलेला ताण सैल होतो. हाताच्या अंदाजाने हे साधत नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो. कामाच्या घाईत सर्वांत जास्त गाळली जाणारी पायरी हीच.

राहिला मालाचा प्रश्न. दुकानात रोलवर ‘कास्ट’ लिहिलेले असते. आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. उद्योगात यासाठी एक रूढ चाचणी आहे. पापुद्र्याचा चौकोन धातूच्या पट्टीवर चिकटवतात, मधोमध ब्लेडने फुलीचा छेद देतात, ७० अंश उष्णतेत ठेवतात आणि फुली किती रुंदावली ते मोजतात. प्रयोगशाळेला त्यासाठी भट्टी लागते. नागपुरात मे महिन्यात काळा रंगवलेला पत्र्याचा तुकडा गच्चीवर ठेवला तरी भागते. नवा रोल आला की त्यातली वीतभर पट्टी कापून, रोलची दिशा बाणाने दाखवून, तारीख घालून ती पत्र्यावर चिकटवावी आणि फुली मारावी. पंधरा दिवसांनी फुलीच्या फटीत बोटाचे नख बसू लागले, तर तो रोल प्रचाररथांसाठी बाजूला काढावा आणि ती पट्टी बिलाच्या फाइलला जोडून ठेवावी.