चाबूक, वेसण आणि पनीरचा तुकडा



माझ्या भाचीनं बी.कॉम. झाल्यावर कुत्र्यांना शिकवण्याचा कोर्स करायचं ठरवलं. घरात पहिला आवाज आला तो माझ्या आईचा. "जनावराला बांधून, मारून पोट भरायचं? श्रावकाच्या घरात?" भाची माझ्याकडे बघायला लागली, कारण स्वाध्यायाला मी जाते. मला उत्तर आलं नाही. मग महिनाभर मिळेल ते वाचत बसले.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की हा धंदा काही लांबून आलेला नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या कुरुंदवाडला संस्थानिकांच्या आश्रयानं विष्णुपंत छत्रे यांनी २० मार्च १८८० रोजी आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. भारतीय सर्कशीची सुरुवात तिथून धरतात. छत्रे मूळचे अंकलखोपचे, गाण्याचे वेडे आणि घोड्यांना शिकवण्यात तरबेज. मुंबईत चिआरिनी या इटालियन माणसाची सर्कस त्यांनी पाहिली. हे काम हिंदुस्थानी माणसाला जमायचं नाही, असं तो म्हणाला आणि ते छत्र्यांना झोंबलं, असं सांगतात. त्यांचं बघून आपल्या सांगलीकडच्या गावांतून सर्कशी उभ्या राहिल्या. म्हैसाळच्या देवलांची सर्कस तर आजीच्या पिढीला चांगली ठाऊक होती.

या धंद्यात सगळ्यात मोठं नाव झालं पुण्याच्या दामू धोत्रे यांचं. जन्म १९०२ चा, घरची गरिबी. शेलारांच्या सर्कशीत सायकलवरच्या कसरती करता करता हा मुलगा वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यात शिरला. पुढे युरोपात आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच शिक्षकाबरोबर काम केलं आणि १९४० साली अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत गेले. 'वाघ सिंह माझे सखे सोबती' हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे, नावातच त्यांचा स्वभाव दिसतो. कोर्ट यांचा भर मारण्यापेक्षा धीरावर होता. जनावरानं मनासारखं केलं की लगेच मांसाचा तुकडा, आणि नाही केलं तर उद्या पुन्हा.

इथे मी अडले. मारलं नाही हे बरंच. पण तो तुकडा कुठून येतो? वाघाला भाकरी चालत नाही. एका जनावराच्या खेळासाठी रोज दुसरी जनावरं कापावी लागतात. श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांत 'असतीपोषण' का आहे, म्हणजे हिंसक प्राणी पाळून त्यांच्यावर कमाई का करू नये, हे मला त्या दिवशी कळलं. पाठ तर कधीचं होतं.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्याच म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव टोचणं-कापणं, झेपेना इतकं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. आता सर्कशीतलं जनावर डोळ्यांपुढे आणा. साखळी, चाबूक, अस्वलाच्या नाकातली दोरी, दिवसाला अनेक खेळ आणि खेळाआधी उपाशी ठेवणं. तत्त्वार्थसूत्र लिहिणाऱ्या आचार्यांनी सर्कस पाहिली नव्हती. माणूस मात्र पाहिला होता.

पण सर्कसवाल्यांना नावं ठेवून मोकळं होऊ नका. आपण शेतकरी जैन. आमच्या दादांच्या गोठ्यात खोंडाला वेसण घालायचे तेव्हा मी कानांवर हात ठेवून माजघरात पळायची. तो छेदच ना? खोंड कामाला लावताना शेजारी जुना, शांत बैल जुंपायचे. मार देणं दादांना खपत नसे, आणि बैलांनी पाणी प्यायल्याशिवाय ते स्वतः तोंडात घास घालत नसत. म्हणजे पाचातले दोन अतिचार त्यांनी नेमानं पाळले आणि एक दर पिढीच्या खोंडाला घडला. २०२५ च्या जुलैत नांदणीची माधुरी हत्तीण जामनगरला गेली तेव्हा तुमच्यासारखीच मीही रडले. पण हत्तीला माणसाचं ऐकायला शिकवताना अंकुश कशासाठी लागतो, हा प्रश्न त्याआधी मला इतकी वर्षं पडला नव्हता.

कायद्याचं श्रेय एका बाईला जातं, हे आपल्यासाठी मुद्दाम सांगते. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं, पंडित नेहरूंनी सरकारी कायद्याचं आश्वासन दिल्यावर ते मागे घेतलं, आणि १९६० साली कायदा झाला. त्याच कायद्याखाली १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि त्यांचे खेळ करण्यावर बंदी आली. सर्कसवाले कोर्टात गेले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या हेच करणाऱ्या माणसांचं पोट गेलं, तेही खरं.

आपल्या पुराणातही सिंहाला शिकवल्याची कथा आहे. महावीरस्वामींच्या एका पूर्वभवातला सिंह, शिकारीवर असताना चारण मुनी भेटतात आणि उपदेशानं तो मांस सोडतो. हातात चाबूक नाही, पट्टा नाही. पण मुनींना त्या सिंहाकडून काही करून घ्यायचं नव्हतं, हा फरक मोठा आहे. आपल्याला कुत्र्याकडून घ्यायचं असतं.

हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि पाच अतिचार एका कागदावर लिहून दिले. तिनं तो कागद वर्गात नेला. काटेरी पट्टा वापरणारी एक शिकवणी तिनं आधीच सोडली होती. दुसरीकडे बक्षीस देऊन शिकवतात, तिथे खिशात पनीरचे आणि गाजराचे तुकडे घेऊन जाते. कुत्रे पनीरसाठी वेडे होतात म्हणे.

एका ठिकाणी मात्र तिची पेन्सिलची खूण होती, अन्नपाननिरोधावर. शिकवणीआधी सकाळचं खाणं थोडं कमी द्या, म्हणजे कुत्रा लक्ष देतो, असं वर्गात सांगतात. "मावशी, हे चालेल का गं?"

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिला म्हणावं, त्या दिवशी तूही तेवढंच खा. मग बघ किती वेळ शिकवतेस ते."

भाची आता शिकवणीच्या दिवशी अर्धीच भाकरी खाऊन निघते. शिकवणी वीस मिनिटांत उरकते, असं तिचं म्हणणं आहे.