पीयूषिकेच्या गाठींचा शोध आणि यवतमाळ

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी, पण तिच्यातली गाठ सगळ्या शरीराचा घाट बदलू शकते. हातपाय, जबडा आणि जीभ वाढवणाऱ्या ॲक्रोमेगालीचे वर्णन पिएर मारी यांनी १८८६ मध्ये केले. रक्तातली संप्रेरके नेमकी मोजण्याची रीत मात्र यालो आणि बर्सन यांच्याकडून १९६० च्या सुमारास मिळाली.

यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले. ॲक्रोमेगाली घडवणाऱ्या, म्हणजे वाढीचे संप्रेरक स्रवणाऱ्या, गाठींचे मोठे कोडेही त्याच वर्षी उलगडले. एरवी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा संदेश पेशीवरच्या ग्राहीला चिकटतो, आतले जीएस-अल्फा प्रथिन कामाला लागते, पेशीतला निरोप्या रेणू सायक्लिक एएमपी वाढतो, संप्रेरक बाहेर पडते आणि ते प्रथिन आपोआप शांत होते. सुमारे ४० टक्के गाठींत या प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. मग ते शांत होतच नाही. संदेश नसतानाही पेशी स्रवत आणि विभागत राहते. १९९६ मध्ये याच साखळीची उलट बाजू एका भारतीय कुटुंबात दिसली: ग्राहीच्या जनुकातच दोष, म्हणून मुलांची उंची खुंटलेली. एकाच वाटेवरचे हे दोन टोकांचे बिघाड विलक्षण बोलके आहेत.

यवतमाळच्या रुग्णांसाठी हा इतिहास प्रवासाचाही आहे. आधीची महाविद्यालये बाहेरगावी होती: नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे १९६९ चे. उपचार गाठीनुसार बदलतात: प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठी बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसतात. ॲक्रोमेगालीत बहुतेकदा नाकावाटे शस्त्रक्रिया करावी लागते. चेहरा इतका सावकाश बदलतो की निदानाला अनेकदा वर्षे जातात. घट्ट झालेली अंगठी किंवा वाढलेले चपलेचे माप हीच सुरुवातीची खूण असते.