साध्या जुलाबानंतर लकवा? जीबीएसच्या कारणांचा शोध

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले आणि 'गिया-बारे सिंड्रोम' म्हणजेच जीबीएस हे नाव घरोघरी पोहोचले. तुमच्याही मनात तेव्हा आले असेल, की आठवड्यापूर्वी नुसते जुलाब झाले होते, त्याने पाय लुळे कसे पडतील? शंका रास्त आहे. खुद्द डॉक्टरांना याचे उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षे लागली.

पायांपासून वर चढत जाणाऱ्या लकव्याचे वर्णन फ्रान्सच्या लँड्री यांनी 1859 मध्येच केले होते. पुढे 1916 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, गिया, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी अशा दोन सैनिकांच्या पाठीतले पाणी तपासले. त्यात प्रथिने वाढलेली होती, पण पेशी वाढलेल्या नव्हत्या. मेंदूज्वरासारख्या जंतुसंसर्गात पेशी वाढतात. म्हणजे हे काहीतरी वेगळे होते. (आजाराच्या नावातून बिचारे स्ट्रोल मात्र गळाले!)

1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस चार कोटींहून अधिक लोकांना दिली गेली आणि जीबीएसचे रुग्ण वाढले. लस घेतलेल्या लाखामागे साधारण एक जादा रुग्ण, एवढे ते प्रमाण होते. मोहीम थांबवण्यात आली. ही गोष्ट सांगून आजही लोकांना घाबरवले जाते, म्हणून स्पष्ट सांगतो: आताच्या फ्लूच्या लशीत हा धोका दहा लाखांत एक-दोन इतकाच आहे आणि खुद्द फ्लूमुळेही जीबीएस होऊ शकतो.

खरा धागा सापडला तो उत्तर चीनमध्ये. तिथे खेड्यांतली मुले दर उन्हाळ्यात अशी लुळी पडत. 1990 च्या सुमारास चिनी आणि अमेरिकी डॉक्टरांनी त्यांना तपासले. हा पोलिओ नव्हता. बऱ्याच मुलांच्या रक्तात कॅम्पायलोबॅक्टर या जुलाब करणाऱ्या जंतूच्या संसर्गाच्या खुणा होत्या. जपानच्या नोबुहिरो युकी यांनी 1993 मध्ये दाखवले, की या जंतूच्या आवरणावरची साखरेची साखळी आपल्या नसांवरच्या एका घटकासारखीच दिसते. जंतूला मारायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडे मग नसांवरही तुटून पडतात. चोराबरोबर संन्याशालाही फाशी!

पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांतही हाच जंतू सापडला.

या जंतूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारातल्या एखाद्यालाच जीबीएस होतो. त्यालाच का, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. त्यामुळे "मी त्याला बाहेरचे खाऊ दिले म्हणून झाले का?" असे विचारणाऱ्या आईला मी एवढेच सांगतो, की त्याच ताटातले खाल्लेले बाकीचे सगळे ठणठणीत असू शकतात. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मात्र जुलाब किंवा सर्दी-तापानंतर काही दिवसांत पायांना मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लटपटले, तर "अशक्तपणा असेल" म्हणून घरी थांबू नका. श्वास किंवा गिळणे जड वाटले तर तासभरही नको. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोगी पडतात.